शेवटचा क्रमांकही लिहावाच लागतो

३ मे २०२५ च्या शनिवारी मी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाचा नागरिक म्हणून प्रथमच मतदान केले आणि हातात पेन्सिल घेऊन मतपत्रिकेसमोर उभा असताना मला मनापासून राग आला. राग सक्तीचा नव्हता. १९२४ पासून येथे तसा कायदा आहे आणि सबळ कारणाशिवाय मतदान चुकवल्यास वीस डॉलर दंड होतो, हे मला ठाऊक होते. राग होता क्रमांकांचा. आपल्या पदवीधर मतदारसंघात पहिल्या पसंतीवर थांबता येते. येथे कनिष्ठ सभागृहासाठी प्रत्येक उमेदवाराला पसंतीनुसार क्रमांक द्यावा लागतो; केवळ १ लिहून थांबलो, तर मतपत्रिकाच बाद. ज्याला मी जन्मात मत देणार नाही, त्याच्या नावासमोरही माझ्याच हाताने आकडा लिहायचा, हे मला स्वातंत्र्यावरचे आक्रमण वाटले.

मतमोजणी पाहताना मात्र हा राग टिकला नाही. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली जातात आणि स्पष्ट बहुमत होईपर्यंत हे चालते. आमच्या मेलबर्न मतदारसंघात ग्रीन्स पक्षाचे तेव्हाचे नेते ॲडम बँट पहिल्या पसंतीत आघाडीवर असूनही हरले आणि लेबर पक्षाच्या सारा विटी निवडून आल्या. शेवटचा क्रमांक ज्याला दिला, त्याच्यापर्यंत माझे मत कधीच पोहोचणार नव्हते. तो आकडा म्हणजे माझा पुरता नकार होता. आपल्याकडे 'नोटा'ला कितीही मते पडली, तरी लोकसभेला उरलेल्यांतील आघाडीचा उमेदवारच निवडून येतो. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, तेव्हा घरी बसलेल्यांचे आणि मागे पडलेल्या उमेदवारांना मत देणाऱ्यांचे म्हणणे काय होते, हे कोणी विचारलेच नाही.

तरीही येथील मंडळी लोकशाहीचे धडे देऊ लागली, की मला राहवत नाही. भारताने १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला. येथील सर्व मूळनिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत तो १९६२ मध्ये मिळाला.

ठाण्याच्या मतदारयादीतून माझे नाव वगळण्याचा अर्ज मीच भरला. जेथे राहतो, कर भरतो, तेथेच मत असावे, असे मी आईला फोनवर समजावले. तिने फक्त विचारले, "म्हणजे आता इथे कधीच नाही का?"