ट्राउटसाठी पहाटे उठू नका

धरणाच्या भिंतीजवळ गाड्या लावायला जागा असते, म्हणून ट्राउट मासा गळाला लावायला आलेल्यांची सगळी गर्दी उजाडायच्या आत तिथेच. रॉडला रॉड घासतोय, दोऱ्यांचा गुंता झालाय आणि पाणी जेमतेम 4 अंश. नुकताच बर्फ फुटलेल्या डोंगरी जलाशयावर याइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही. पहाटेचं माहात्म्य उन्हाळ्यातलं. या दिवसांत ट्राउट खरा हलतो तो अकरा ते तीनच्या दरम्यान.

पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. बर्फ गेल्यावर वरचा थर तापून तिथवर आला की खाली बसतो, वारा बाकीचं ढवळतो आणि तळापासून वरपर्यंत सगळं सारखंच गार होतं. अशा पाण्यात दोन अंशांचा फरकही माशाला पुरतो. म्हणून भिंत सोडावी आणि चालत जलाशयाच्या शेपटाकडे, म्हणजे भिंतीच्या विरुद्ध टोकाला जावं. तिथे पाणी उथळ आहे, काळे खडक ऊन धरतात, आणि वारा तापलेलं वरचं पाणी ज्या काठाकडे लोटतो तो काठ तर सोडूच नये. रॉड साधा चालेल, पण दोरीला बांधलेला थर्मामीटर हवाच.

ओढ्याचं मुख सगळ्यांनाच खुणावतं. रेनबो ट्राउट वसंतात विणीसाठी तिथे जमतात. नेमकी म्हणूनच अनेक ठिकाणी तिथे बंदी असते, आधी नियम वाचा. शिवाय कडक उन्हाच्या दिवशी दुपार कलल्यावर वरचं बर्फाचं पाणी उतरतं, गढूळ आणि गार, आणि चालू असलेलं खाणं एकदम थांबतं. तेव्हा शंभरेक पावलं बाजूला सरकायचं.

मांडणी अशी. 2 किलो ताकदीची मोनो (एकाच नायलॉन तंतूची) दोरी, तिच्यात ओवलेलं 7 ते 10 ग्रॅमचं भोकाचं शिसं, गाठीला धक्का लागू नये म्हणून एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी. त्यापुढे 60 ते 90 सेंटिमीटर फ्लुरोकार्बनची (पाण्यात सहसा न दिसणारी) दोरी, मोनोहून थोडी कमी ताकदीची, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटतं. 10 किंवा 12 नंबरचा गळ, टोकामागचा उलटा दाता चिमट्याने दाबून टाकलेला. आमिषाचा गोळा तरंगणारा हवा. पायापाशी सोडून बघा: गळासकट बुडत असेल तर गोळा वाढवा, नाहीतर तो गाळात जाऊन बसेल. शिसं दोरीवर मोकळं सरकतं, त्यामुळे ओढणाऱ्या माशाला वजन कळत नाही. गार पाण्यातला मासा हिसका देत नाही. ढिली दोरी हळूच ताणली जाते, एवढंच. तेवढ्यावर झटका मारला तर गळ रिकामा येतो. दोरी चालू लागली की मगच रॉड उचला. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर.

आमिषाऐवजी चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं खोटं आमिष) वापरायचा तर 5 ग्रॅमचा, तळाशी बसू द्यायचा आणि इतका सावकाश ओढायचा की तो नुसता डोलेल. गरगरायला लागला म्हणजे वेग जास्त झाला. दोरीला पीळ पडणार.

सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. वेणीची दोरी पाणी जास्त शोषून आणते म्हणून तिच्यावर लवकर. नखाने खरवडू नका, आतली सिरॅमिक रिंग निखळते. टोक पाण्यात बुडवून धरा, बर्फ सुटतो.

सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नये. हवा शून्याखाली असेल तर कल्ले गोठतात. हात लावायचाच झाला तर ओला करून.

आणि परतीचा विचार आधी करा. या दिवसांत बहुतेक जलाशय खाली उतरलेले असतात, काठाला रुंद गाळ उघडा पडतो. सकाळी तो गोठलेला, खुशाल चालता येतं. दुपारी त्याच वाटेने गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि बूट आतच राहतो. जाताना लांब पडलं तरी खडीचा काठ धरा.