सुकलेल्या सिगारची मनधरणी

मे महिन्यातली सोलापूरची हवा कुरडयांना मानवते, सिगारला नाही. आमच्या साडूंच्या कपाटात परदेशातून भेट आलेला सिगारचा डबा कित्येक उन्हाळे पडून होता. मी ओढत नाही, पण बिघडलेली वस्तू आधी माझ्याकडे आणायची असा सासुरवाडीचा रिवाज आहे. एक सिगार कानाशी धरून हलकेच दाबला, तर कुरकुरला. टोकातून तपकिरी भुगा तळहातावर सांडला.

साडूंचा उपाय तयार होता: रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळू. मी हात जोडले. सिगारच्या पोटात पानं भरलेली, त्यांना आवळून धरणारं एक पान, आणि सगळ्यात वर पातळ, देखणं पान. पाणी घाईने शिरलं की पोट फुगतं, वरच्या पानाला तेवढं ताणता येत नाही, आणि ते उभं चिरतं. चिरलं की संपलं.

म्हणून काम सावकाशीचं. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ठरावीक आर्द्रता राखणारी पुडी: आधी 62 टक्क्यांची, काही आठवड्यांनी 65 ची, शेवटी 69 ची. सिगार अधूनमधून फिरवायचे. पुडी नसेल तर पिळून घेतलेला स्पंज, तोही सिगारला न टेकवता. पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार साचतात. शिवाय चार-चार दिवसांनी येणारं आमचं पाणी सिगारवर उधळायला मन कुणाचं होणार? सफरचंदाची फोड ठेवा म्हणणारेही भेटतात. त्याने बुरशी तेवढी लवकर येते.

आर्द्रतामापक खरं बोलतोय का, हे साधं मीठ सांगतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाण्याने चिखलासारखं करायचं आणि मापकासोबत बंद पिशवीत ठेवायचं. रात्रभरात काटा 75 वर यायला हवा. मला या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत आवडलं. उष्णतेचं मात्र अवघड. पंचवीस अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटायची भीती असते, आणि इथे पारा त्रेचाळीसवर. फ्रीज हवा आणखी सुकवतो. शेवटी डबा देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत गेला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या एक अक्का आमच्या ओळखीच्या. त्या टेंभुर्णीच्या झाडाची (तेंदूची) वाळकी पानं पाण्यात भिजवतात, मग ओल्या गोणपाटात मुरू देतात. पान मऊ पडलं की कात्री लावायची. मापक नाही, पुडी नाही; अंगठा फिरवला की कळतं. आणि वळलेली विडी कारखान्यात शेकून पुन्हा कोरडी करतात! अक्कांनी सिगार उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्या तंबाखूत माझा विड्यांचा एक कट्टा झाला असता."

साडू रोज विचारतात, चव पहिल्यासारखी येईल ना? ओलावा परत येतो, पण पानातली सुगंधी तेलं एकदा उडाली की उडाली. थोडं फिकं लागेल, असं मी सांगितलं. मेहुणीचं मत निराळंच: "इतकं छान वाळलंय, तर राहू द्या की तसंच."