लाल पट्टा
धडगाव तालुक्यातील सातपुड्याच्या एका पाड्यावर आरोग्य शिबिरासाठी गेलो, तेव्हा शेवटची चढण औषधांची खोकी डोक्यावर घेऊन पायीच चढावी लागली. ओसरीत बसलेल्या पावरा आदिवासी आईच्या मांडीवरील दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाला मी मोजपट्टी गुंडाळली, आणि ती ११.५ सेंटिमीटरच्या आत, लाल पट्ट्यावर थांबली. म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर सूज होती, त्यामुळे त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे अत्यावश्यक होते. आई मात्र गप्प होती. पावरी बोलणाऱ्या आशाताईंनी (त्यांच्याविना अशी शिबिरे व्यर्थच, असे माझे ठाम मत आहे) कारण काढून घेतले: घरच्या शेळ्या आणि थोरली मुलगी सांभाळणार कोण? ती सोय त्यांनी शेजारी लावली. संध्याकाळी आई मुलाला झोळीत घेऊन आमच्याबरोबर डोंगर उतरली.