तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिंगॉनचं कपाळ आणि थिअरीची कसोटी

सायन्स फिक्शन मालिकांमधले जीव आले कुठून, यावर चाहते इतक्या थिअऱ्या मांडतात, त्यातली कुठली मनावर घ्यायची, असं तुम्ही विचारलंत. मी घेते ती अशी थिअरी, जी कोणत्या प्रसंगाने पडेल हे आधीच सांगता येतं.

क्लिंगॉन घ्या, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधली परग्रहावरची एक लढवय्यी जमात. 'स्टार ट्रेक'मध्ये १९६७ साली ते पहिल्यांदा दिसले तेव्हा सपाट कपाळाची, गडद मेकअप केलेली माणसंच होती. १९७९च्या चित्रपटात कपाळावर हाडांचे कंगोरे आले. जुन्या मालिकेकडे तेवढा पैसा आणि वेळ नव्हता, चित्रपटाकडे होता. पण हे झालं कॅमेऱ्यामागचं कारण. थिअरीला कथेतलं कारण द्यावं लागतं, आणि ही दोन कारणं एकमेकांत मिसळली की वाद कधी संपत नाही.

बरीच वर्षं एक सुटसुटीत थिअरी होती: क्लिंगॉनांच्या जमातीच दोन. मग १९९४ साली 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत कोर, कोलोथ आणि कांग हे जुन्या मालिकेतले तिघे परत आले. नट तेच, पात्रं तीच, आणि तिघांच्याही कपाळावर कंगोरे. एकाच माणसाची दोन कपाळं म्हटल्यावर दोन जमातींना जागाच उरली नाही. त्याच मालिकेच्या १९९६च्या एका भागात वर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याचे सहकारी त्याच्यासमोर अंदाज लढवतात: जनुकांत केलेला फेरफार? विषाणूमुळे झालेला बदल? तो एवढंच सांगतो की बाहेरच्यांशी आम्ही यावर बोलत नाही. २००५ साली 'एंटरप्राइझ' या आणखी एका 'स्टार ट्रेक' मालिकेने दोन्ही अंदाज खरे ठरवले. माणसांची सुधारित जनुकं वापरून जास्त ताकदवान क्लिंगॉन घडवायचा प्रयोग फसतो, फ्लूच्या विषाणूबरोबर तो बदल साथीसारखा पसरतो, आणि उपचाराने जीव वाचतात पण कंगोरे जातात. तरी कोरला ते परत कसे मिळाले, ही फट राहते. त्याच कथेत एक क्लिंगॉन डॉक्टर कवटी पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळण्याचं बोलून जातो. तो धागा पकडून फट बुजवणारे मला पटतात, कारण त्यांनी बाहेरून काहीच आणलेलं नाही.

बोर्ग, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधले अर्धे जीव-अर्धे यंत्र असलेले शत्रू, यांची थिअरी याच्या उलट. १९७९च्या त्याच चित्रपटात 'व्हॉयेजर ६' हे पृथ्वीवरून गेलेलं यान यंत्रांच्या एका ग्रहावर पोहोचतं आणि व्हीजर नावाचं प्रचंड यंत्र बनून परत येतं. बोर्ग त्यातूनच निर्माण झाले, असं अनेकजण मानतात. काळाचा हिशेब करा. हे यान विसाव्या शतकातलं. 'व्हॉयेजर' याच नावाच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत मात्र सुमारे ९०० वर्षं निद्रेत घालवलेलं एक पात्र सांगतं की आपल्या काळात बोर्गांनी मोजकेच प्रदेश गिळले होते. म्हणजे ते तेव्हाही होतेच. मग थिअरी वाचवायला यान भूतकाळात गेलं असं धरावं लागतं. थिअरी उलटी करून 'तो ग्रहच बोर्गांचा होता' म्हटलं की काळाची अडचण सुटते, पण मोठी अडचण तशीच राहते. व्हीजरच्या लेखी अंतराळजहाजावरची माणसं म्हणजे यंत्राला लागलेली कीड, आणि बोर्गांचं सगळं चालतं ते माणसाचं शरीर यंत्रात ओढून घेण्यावर. एवढा स्वभावबदल समजावणारा प्रसंग मला पडद्यावर कुठेच सापडत नाही. कादंबऱ्यांमध्ये या जोडण्या आहेत, पण मालिका त्यांना बांधलेली नसते. म्हणून थिअरी लिहिताना प्रत्येक पुराव्यापुढे तो मालिकेतला, चित्रपटातला की पुस्तकातला, हे लिहावं.

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: हे बोलतंय कोण? 'डॉक्टर हू' या मालिकेतले डालेक, म्हणजे यंत्राच्या चिलखतात राहणारे जीव, यांच्यापाशी तो फार उपयोगी पडतो. १९६३ साली सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या कथेत त्यांचे पूर्वज 'डाल' म्हणून येतात. १९७५च्या कथेत ते 'कालेड' आहेत आणि डालेक घडवणारा डाव्हरोस समोर उभा आहे. उघड विसंगती. पण पहिल्या कथेत तो इतिहास आपल्याला कळतो त्यांच्या ग्रहावरच्या महायुद्धानंतर पाचशेहून जास्त वर्षांनी जगणाऱ्यांच्या तोंडून, आणि दुसऱ्या कथेत घटना डोळ्यांसमोर घडते. आठवणीत नाव बदललं, एवढं एकच गृहीतक धरलं की दोन्ही कथा उभ्या राहतात. एका गृहीतकात इतकं काम करणारी थिअरी क्वचित मिळते.

सायबरमेन, म्हणजे याच मालिकेतली यंत्रात बदललेली माणसं, यांच्याबाबत वाद मालिकेनेच मिटवला: २०१७ साली मालिकेचा नायक डॉक्टर मोंडास, टेलॉस, पृथ्वी अशी ग्रहांची नावं घेतो आणि सांगतो की ते ठिकठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण होतात.

वीपिंग एंजल्स, म्हणजे कुणी पाहत असलं की दगडी पुतळे होणारे जीव, यांच्यावर मात्र अजून मोकळं रान आहे. २००७ साली त्या पहिल्यांदा येतात तेव्हाच डॉक्टर सांगतो की त्या जवळजवळ विश्वाइतक्या जुन्या आहेत आणि आल्या कुठून हे कुणालाच नीट ठाऊक नाही. पुढे 'द एंड ऑफ टाइम' या कथेत दोन टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्याच जमातीतले, शिक्षा म्हणून चेहरा झाकून उभे केले जातात, 'जुन्या काळच्या वीपिंग एंजल्ससारखे'. त्यावरून एंजल्स म्हणजे शिक्षा झालेले टाइम लॉर्ड, अशी थिअरी निघाली. पण ती उपमा आहे, आणि उपमेवर वंशावळ उभी राहत नाही. माझा कल २०१०च्या कथेतल्या वाक्याकडे आहे: एंजलची प्रतिमा ज्यात असते, ते स्वतःच एंजल होतं. तसं असेल तर एंजलला आईबाप लागत नाहीत. या थिअरीला धक्का देणारा प्रसंग २०१२चा. तळघरात छोट्या एंजल्स आहेत आणि घराचा मालक त्यांना 'बाळं' म्हणतो. तो एंजल्सचा अभ्यासक नाही, हौशी संग्राहक आहे, त्यामुळे त्याचा शब्द डॉक्टरच्या शब्दाइतका वजनदार नाही. पण आकाराने लहान एंजल्स पडद्यावर दिसतात, आणि त्या लहान का, हे प्रतिमेच्या थिअरीला अजून सांगता आलेलं नाही.