माजलगावच्या फुगवट्यावर गळ टाकण्यापूर्वी: बुडालेल्या बाभळी आणि मुरमाचा बांध

मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांवर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, हवा असेल तर फेक शंभर मीटरच्या पुढे गेलीच पाहिजे, आणि त्यासाठी १२० ग्रॅमचे शिसे, बारीक विणलेली दोरी आणि बारा फुटांची कडक काठी घ्यावी लागते, असे आम्हाला शहरातल्या एका दुकानदाराने निघण्यापूर्वी छातीठोकपणे सांगितले होते. माजलगावच्या जलाशयावर हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो पाळणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात आणि मासे पाण्यातच राहतात. आमच्यामागून तिकडे जाणाऱ्यांची तशी गत होऊ नये, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. काठी, रीळ आणि गाठी यांची तोंडओळख वाचणाऱ्याला आहे आणि खांद्यावर सामान घेऊन उन्हात तासभर चालण्याची त्याची तयारी आहे, असे मी धरून चालतो.

माजलगाव निवडण्याचे कारण साधे आहे. पैठणचा नाथसागर जवळ असला तरी तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि तिथे काठ्या घेऊन हिंडणे योग्य नाही. माजलगावचे धरण बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर आहे. पैठणच्या उजव्या कालव्याने नाथसागराचे पाणीही त्यात येते, त्यामुळे पाऊस नसतानाही इथली पातळी कधीकधी वाढते. हे ध्यानात ठेवावे, कारण नव्याने बुडालेल्या काठावर मासा चरायला येतो, आणि पाणी उतरू लागले की तोच मासा काठ सोडून आत सरकतो. परभणीकडून पाथरीमार्गे येणाऱ्यांनी उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगांसाठी वेळ हाताशी ठेवावा. प्रवासाबद्दल याहून सांगण्यासारखे काही नाही.

ज्या काठावर आम्हाला पाठवण्यात आले, तिथे किनाऱ्यापासून साधारण चाळीस मीटरपासून सत्तर मीटरपर्यंत बुडालेल्या बाभळींचा पट्टा आहे. वरून काहीही दिसत नाही. पाणी शांत असते, एखादा पाणकावळा दूरवर बुडी मारतो, आणि शंभर मीटरची फेक या पट्ट्यावरून विनासायास पलीकडे पडते. अडचण मासा लागल्यावर येते. पलीकडे लागलेला प्रत्येक मासा याच पट्ट्यातून ओढून आणावा लागतो, आणि सायप्रिनसला लाकडाची वाट दाखवावी लागत नाही. काठीचे टोक वाकते, रीळ कुरकुरते, मग ओढ एकाएकी जड आणि निर्जीव होते. दोरीवर बोट ठेवले की लाकडावर घासण्याची बारीक करकर बोटाला जाणवते आणि थोड्याच वेळात दोरी सैल पडते. परत आलेले टोक डोळ्यांजवळ धरले तर विणलेल्या दोरीचे तंतू कापसासारखे पिंजलेले दिसतात. आमच्या तिघांच्याही काठ्यांवर हे पुन्हा पुन्हा घडले, आणि पहिल्याच संध्याकाळी शिशांची अर्धी पेटी रिकामी झाली.

विणलेली दोरी बारीक, ताकदवान आणि न ताणणारी असते, म्हणून ती लांब जाते आणि टिचकी लगेच कळवते; हे खरे आहे. पण ताणाखाली लाकडावर किंवा दगडावर घासली की ती जाड तंगुसापेक्षा, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्यापेक्षा, फार लवकर तुटते. न ताणण्याच्या तिच्या गुणामुळे जवळ आलेल्या माशाच्या एका झटक्याने त्याचा ओठही फाटतो. माजलगावसाठी माझा निर्णय स्पष्ट आहे: विणलेली दोरी घरी ठेवा, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस भरा, आणि शेवटचे काही मीटर त्याहून जाड तंगुसाचे जोडा. ज्यांना विणलेली दोरी वापरायचीच आहे, त्यांनी अडकलेला गळ सोडवताना ती हाताला गुंडाळू नये, तर लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून ओढावी. आमच्यातल्या एकाचे बोट हाडाजवळ कापले आणि त्याची उरलेली सहल पट्टी बांधण्यात गेली.

याहून गंभीर गोष्ट शिशाच्या बांधणीची आहे. शिसे दोरीवर पक्के अडकवलेले असेल आणि दोरी वरून तुटली, तर गळ तोंडात रुतलेला मासा ते शिसे ओढत लाकडात जातो, तिथे अडकतो आणि मरतो. मासेमारीच्या नावाखाली हे करण्याचा कोणालाही हक्क नाही. शिसे नेहमी अशा रीतीने बांधावे की जोर आला की तेच आधी सुटेल. त्यासाठी मिळणारी प्लास्टिकची क्लिप चालते. ती नसेल तर मुख्य तंगुसाच्या निम्म्याहून कमी ताकदीच्या धाग्याने शिसे लोंबते बांधावे. लाकडात अडकते ते बहुतेकदा शिसेच. धागा तुटून शिसे गेले तरी गळ आणि मासा हाताशी राहतात. बाभळींच्या आसपास तर मी शिशाऐवजी गॅरेजमधून आणलेले जुने नट वापरावेत असे सांगेन, कारण ते गमावल्याचे दुःख होत नाही आणि पाण्यात शिसेही साचत नाही.

आता तळाबद्दल, कारण गळ कुठे टाकावा याचे उत्तर अंतरात नसून तळात आहे. इथली बुडीत जमीन म्हणजे जुनी शेते आहेत. शेतांत काळी माती असते आणि तिच्यावर धरणाचा गाळ बसलेला असतो. बांध, गाडीवाटा आणि विहिरींच्या कडा मात्र मुरमाच्या आणि दगडाच्या असतात. जड शिसे गाळात पडले की ते खाली बुडते आणि गळाचा धागा आपल्यामागे ओढून नेते. आमिष चिखलाखाली जाते, आणि वर बसलेला माणूस काठीला लावलेल्या घंटीकडे पाहत राहतो. दुकानात सुचवलेली बांधणी, म्हणजे दोरीत ओवलेले जड शिसे आणि त्याला लागून पंधरा सेंटिमीटरचा गळधागा, कडक तळावर उत्तम काम देते. ज्या हेअर रिगवर ती आधारलेली आहे, ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी याच जातीच्या माशासाठी तयार केली. आमिष गळावर न टोचता गळाच्या मागे छोट्या धाग्यावर लटकत राहते. मासा ते तोंडात ओढतो, संशय येताच बाहेर फुंकतो, आणि त्या फुंकण्यात उघड्या गळाचे टोक खालच्या ओठात रुतते. त्यानंतर शिशाचे वजन त्याला पक्के करते. शिसे गाळात बुडालेले असेल तर ही सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते.

गाळावर टाकणे भागच असेल, तर शिसे ५० ग्रॅमच्या आसपास ठेवा, गळधागा पंचवीस ते तीस सेंटिमीटरचा करा आणि तो शिशाच्या वर, दोरीभोवती फिरणाऱ्या स्विव्हलवर (फिरत्या कडीवर) बांधा, म्हणजे शिसे बुडाले तरी गळ गाळाच्या पृष्ठभागावर राहील. आमिषही हलके हवे. उकडलेल्या मक्याच्या दोन दाण्यांमध्ये बुचाचा छोटा तुकडा ओवला की ते गाळावर अलगद टेकते. गळ सहा किंवा आठ नंबरचा पुरतो.

आम्हाला वाट दाखवली ती गाळपेर करणाऱ्या एका शेतकऱ्याने. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या या जमिनीवर लोक पेरणी करतात, त्यामुळे आज पाण्याखाली असलेला तळ त्यांनी स्वतः नांगरलेला असतो. त्या मामांनी काठावर उभे राहून हाताने दाखवले की इथे बांध होता, तिकडे जुनी गाडीवाट विहिरीकडे वळत होती, आणि समोरच्या बाभळी कोणी तोडल्या नाहीत म्हणून तशाच बुडाल्या. ज्या बांधाकडे त्यांनी बोट दाखवले, तो किनाऱ्यापासून जेमतेम पंचवीस मीटरवर होता. बाभळींच्या अलीकडे, सर्वांनी ओलांडून टाकलेल्या पाण्यात. शहरातल्या दुकानदाराला जे ठाऊक नव्हते, ते नांगर धरणाऱ्याला ठाऊक होते. पहिली चौकशी अशा माणसाकडेच करावी.

चौकशीनंतर खात्री स्वतः करावी. काठीला गळ न लावता नुसते शिसे बांधून फेका, ते तळाला टेकू द्या, आणि काठी आडवी धरून सावकाश ओढा. गाळात शिसे जडपणे, एकसारखे सरकते आणि मधेच सुटल्यासारखे होते. मुरमावर आले की काठीच्या मुठीत टकटक जाणवू लागते, आणि बांधाच्या चढाला लागले की क्षणभर अडते. आमच्या बांधावर हा फरक इतका स्पष्ट होता की डोळे मिटूनही तो सांगता आला असता. शिसे बाहेर काढून त्याला चिकटलेला चिखल बघावा आणि हुंगावाही. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळाकुट्ट चिखल मासा टाळतो. त्यात बारीक गोगलगायी किंवा तांबड्या अळ्या दिसल्या तर तिथे चरणे चालू आहे असे समजावे. घरून निघण्यापूर्वी संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रेही पाहावीत. २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात मराठवाड्यातली धरणे तळाला गेली होती, आणि अशा वेळच्या छायाचित्रांत बांध, वाटा आणि विहिरी उघड्या दिसतात.

बांधाच्या माथ्यावर टाकू नये. त्याचा उतार जिथे गाळाला मिळतो, त्या कडेवर टाकावे. सायप्रिनस अशाच कडेने हुंगत चालतो. पहाटे त्या रेषेवर बारीक बुडबुड्यांची माळ उठू लागली आणि ती हळूहळू पुढे सरकत गेली. एका जागी येणारे मोठे बुडबुडे गाळातल्या वायूचे असतात, सरकणारे बारीक बुडबुडे माशाचे असतात. माळेच्या वाटेवर, तिच्यापासून चार हात पुढे, मक्याचे दाणे अलगद पडले. घंटी वाजली, रीळ फिरू लागले, आणि मासा बाभळींकडे वळण्याआधी काठी आडवी दाबून त्याचे तोंड फिरवता आले, कारण अंतर पंचवीस मीटरच होते. झोळीत घेतलेला तो मासा सोनेरी, मोठ्या खवल्यांचा, तोंडाशी चार मिशा असलेला आणि हातात मावेना इतका रुंद होता. त्या सकाळच्या आनंदात मी हे लिहीत आहे हे खरे, तरीही माझे म्हणणे कायम आहे: माजलगावला तीस मीटरच्या पुढे गळ टाकण्याचे काही कारण नाही.

इतर जातींबद्दल थोडक्यात. मृगळ तळालाच चरतो आणि त्याच कडेवर सापडतो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो, त्याला शेंगदाणा पेंड, ज्वारीचे पीठ आणि थोडा गूळ यांचा घट्ट उंडा आणि बारीक गळ हवा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, तेव्हा त्याच्यासाठी तळाशी बसणे व्यर्थ आहे. तरंड्याखाली लवकर विरघळणारे पीठ टांगावे. रोहू, कटला आणि मृगळ यांची वीण पावसाळ्यात वाहत्या, फुगलेल्या नदीत होते, म्हणून धरणांत त्यांची बोटुकली सोडावी लागते. सायप्रिनस साचलेल्या पाण्यातही वितो आणि पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. गाभोळी भरलेली मादी लागली तर ती परत सोडावी. आमिषाचे शेंगदाणे किंवा हरभरे कधीही कच्चे टाकू नयेत. भिजवून, उकडूनच वापरावेत.

पैशांच्या बाबतीत सावध राहावे. हमरस्त्यावर एका माणसाने आम्हाला अडवून प्रत्येक काठीमागे पाचशे रुपये मागितले, पावती मागताच तो तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले म्हणू लागला, आणि वेळ जाऊ नये म्हणून एकाने पैसे दिलेही. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात, तेव्हा परवानगी संस्थेच्या माणसाकडूनच आणि काठावरच घ्यावी. आमच्याकडे काठावर जो आला, त्याने त्याहून पुष्कळ कमी रक्कम घेतली, पावती फाडली आणि भोई बांधवांची जाळी कुठे लावली आहेत तेही दाखवले. पावती नाही तर पैसे नाहीत, इतके ठाम राहावे. जाळ्यांच्या तरंड्यांपासून लांब बसावे. भिंत आणि दरवाजांच्या जवळ तर कोणत्याही कारणाने जाऊ नये.

नंतर आम्ही दुसऱ्या काठावरही राहिलो; तिथे सावली होती, मासे लागले, आणि सगळे सुरळीत पार पडले.

शेवटी काठाकडे जाणाऱ्या शेवटच्या वाटेविषयी. मोटार थेट पाण्यापर्यंत जाते असे सांगितले जाते, आणि कोरड्या दिवसात ती जातेही. पण ती वाट काळ्या मातीची आहे. अवकाळीची एक सर पडली की माती चाकांना आणि मडगार्डला भरून बसते, दुचाकीचे चाक फिरायचे थांबते, आणि दर पन्नास पावलांवर काडीने चिखल उकरावा लागतो. तेवढे अंतर पार करायला आम्हाला अर्धी रात्र लागली, आणि माझे खांदे अजून दुखत आहेत. गाडी डांबरी रस्त्यालाच ओळखीच्या वस्तीवर उभी करावी, सामान एका पाठपिशवीत मावेल इतकेच न्यावे, आणि पश्चिमेला ढग दाटलेले दिसताच, मासा लागत असला तरी, काठ्या गुंडाळून उजेड असेपर्यंत डांबरी रस्ता गाठावा.