गर्जनेच्या पुत्राच्या कबरीकडे

स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राची पायी यात्रेची वाट धरताना, आपण ज्याच्या कबरीकडे निघालोय तो मुळात कसा माणूस होता हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. प्रेषित याकोब, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. प्रभूने या दोघांना ‘गर्जनेचे पुत्र’ म्हटलं होतं. शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभूला थारा दिला नाही, तेव्हा आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करू का, असं विचारणारे हेच दोघे. पुढे यरुशलेमच्या वाटेवर प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताची जागा मागणारेही हेच. आणि त्याच याकोबाने इ.स. 44 च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पाच्या तलवारीने मरण पत्करलं. बारा जणांतला पहिला हुतात्मा तो. तापट, मानाला हपापलेला माणूस तिथवर कसा पोहोचला? हा एकच प्रश्न घेऊन मी चालले.

फ्रान्सच्या सीमेवरून पिरेनीज ओलांडून जाणारा हा मार्ग सुमारे 780 किलोमीटरचा. पिवळे बाण, शिंपल्याची खूण, मुक्कामाचे शिक्के यांचं वर्णन पुष्कळांनी केलंय. माझं मन अडकलं ते यात्रेकरूंच्या निवाऱ्यांत.

एकावर एक खाटा, रात्रभर घोरणं, पहाटे कुणाच्या तरी पिशवीची खसखस. खालची खाट सगळ्यांना हवी असते, कारण दिवसभर चालून गुडघे बोलत असतात. आमच्या पुढेमागे एक वयस्कर गृहस्थ होते. ते बहुधा लवकर पोहोचायचे आणि तरी वरच्या खाटेवर चढायचे. उशिरा येणारा जास्त थकलेला असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, जड नाही जात? म्हणाले, सुरुवातीला रोज स्वतःशी भांडावं लागायचं, आता पाय आपोआप शिडीकडे वळतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाबद्दल हेच तर मांडलं. चांगली कृती पुन्हा पुन्हा केली की ती स्वभावात मुरते, मग ती सहज होते, आनंदाने होते. पण ते इथे थांबत नाहीत. विश्वास, आशा आणि प्रीती या तिन्ही सरावाने कमावता येत नाहीत, त्या देवाच्या कृपेने मिळतात, असं ते सांगतात. मग आपल्या हातात काय उरतं?

बुर्गोस ते लेओन हे मेसेताचं पठार चालताना हा प्रश्न मला फार छळत होता. डोंगर नाही, सावली नाही, दिवसभर समोर तीच सरळ रेघ. पिरेनीज चढताना धैर्य लागतं खरं, पण तिथे सगळे एकमेकांना उभारी देतात. मेसेतावर धीर लागतो आणि तो कुणाला दिसत नाही. प्रार्थनाही कोरडी होते. तिथे मी पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय रोज वाचत होते. विश्वासात सद्गुणाची, मग ज्ञानाची, संयमाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची आणि प्रीतीची भर घाला, असं तो सांगतो. पण त्याच्या आधीच त्याने म्हणून ठेवलंय की जीवनासाठी आणि सुभक्तीसाठी लागणारं सगळं देवाने आपल्याला आधीच दिलं आहे. देणगी आधी, मेहनत नंतर. देवाची मर्जी मिळवायला मी धीर धरत नव्हते. मिळालेल्या प्रेमाला हातपाय फुटावेत म्हणून धरत होते. हे उमगल्यावर कोरड्या प्रार्थनेची भीती गेली.

पुढे क्रुझ दे फेर्रोच्या लोखंडी क्रुसापाशी लोक मनावरचं ओझं म्हणून घरून आणलेला दगड ठेवतात. मीही ठेवला. पण दगड ठेवून राग कायमचा सुटतो, असं मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमा पुन्हा निवडावी लागते.

खरी कसोटी सार्रिया या गावाच्या पुढे. यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर चालावे लागतात, म्हणून तिथून नवे यात्रेकरू मोठ्या संख्येने मिसळतात. ताजे कपडे, हलक्या पिशव्या. लांबून आलेल्यांची नजर बदलते, आम्हीच खरे, अशी कुजबुज सुरू होते. कित्येक आठवड्यांच्या भक्तीतून अहंकार असा नकळत उगवतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला येतो, शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळते. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे याकोबाची आई दोन्ही मुलांना घेऊन येते आणि त्यांच्यासाठी ती उजव्या-डाव्या हाताची आसनं मागते! प्रभू त्यांना झिडकारत नाही. तो आपला प्याला, म्हणजे आपलं दुःख, त्यांना पिता येईल का असं विचारतो, आणि ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं असं सांगतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. याकोबाची धग प्रभूने विझवली नाही, तिला सेवेची दिशा दिली. वरच्या खाटेवर झोपणारे ते गृहस्थ त्या गर्दीत नव्यांच्या पायांचे फोड बांधत बसले होते.

सांतियागोच्या महामंदिरात वेदीमागच्या प्रेषिताच्या मूर्तीला मागून मिठी मारतात, मग खाली उतरून चांदीच्या पेटीसमोर गुडघे टेकतात. मी तिथे उतावळ्या, रागीट याकोबाचे आभार मानले. त्याच्या मिशनरी पराक्रमांपेक्षा त्याचं बदलणं मला जवळचं वाटतं.

यात्रा केलेल्यांतूनच त्या निवाऱ्यांचे स्वयंसेवक घेतात. साधारण पंधरवडाभर फरश्या पुसायच्या, अंथरुणं लावायची, उशिरा येणाऱ्याला दार उघडायचं. त्यासाठीचं छोटं प्रशिक्षण असतं, मी त्यात नाव घालणार आहे.