एक उंदीर, दहा उंदीर

पाचवीत इंग्रजी सुरू झालं, त्या वर्षी बाईंनी फळ्यावर आधी मराठीच लिहिलं होतं. आंबा-आंबे, नदी-नद्या, घर-घरं आणि सर्वांत खाली उंदीर-उंदीर. आपला उंदीर एक असो की दहा, बदलत नाही, हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं. इंग्रजीतली 'शीप' आणि 'डिअर' त्यामुळे आम्हाला कधी परकी वाटली नाहीत.

'फूट'चं 'फीट' का होतं, हेही बाई सांगत. फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी इकार लागायचा. त्या इकाराच्या ओढीनं आधीचा स्वर बदलला, पुढे इकार गळाला आणि बदललेला स्वर तेवढा राहिला. 'माइस', 'गीस', 'टीथ' ही सगळी त्याच घराण्यातली. 'चिल्ड्रन'मध्ये तर अनेकवचनाचे दोन जुने प्रत्यय एकावर एक बसले आहेत. खेड्यातल्या मुलांना एवढं कशाला, असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचे हे उपकार मी विसरू शकत नाही.

नोकरीनिमित्त मी माँट्रियलला आलो, तेव्हा हे शिक्षण वेगळ्याच वाटेनं कामी आलं. इतिहासाच्या पुस्तकातला गव्हर्नर जनरल हे पद कॅनडात आजही आहे आणि त्याचं अनेकवचन होतं 'गव्हर्नर्स जनरल'. 'एस' मधेच, कारण नामामागून विशेषण ही फ्रेंचची रीत. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर अशा कितीतरी पदव्या फ्रेंचमधून इंग्रजीत आल्या.

माँट्रियल ज्या फ्रेंच भाषक प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये १९७७च्या भाषा कायद्यामुळे आमच्यासारख्या स्थलांतरितांची मुलं फ्रेंच शाळेत जातात. माझ्या मुलीनं 'ऊ'कारान्त सात शब्द घोकले: बिझू, कायू, शू, झनू, इबू, झूझू, पू. अनेकवचनात इतरांना 'एस' लागतो, या सातांना 'एक्स', आणि बोलताना दोन्हीही ऐकू येत नाहीत! अनेकवचन कळतं ते आधीच्या 'ल'चं 'ले' झालं की.

दुकानात इथे स्वागत होतं 'बोंजूर-हाय' असं, आधी फ्रेंच नमस्कार, मग इंग्रजी. ज्या भाषेत उत्तर द्याल त्या भाषेत पुढचं बोलणं. २०१७मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळानं एकमतानं ठराव करून दुकानदारांना नुसतं 'बोंजूर' म्हणायचं आवाहन केलं, तेव्हा इंग्रजी भाषकांना ते लागलं. मला दोन्ही बाजू कळतात. पण कचेरीत चार फ्रेंच माणसं बोलत असताना एक इंग्रज येऊन बसला की चौघंही इंग्रजीवर येतात, हे मी रोज पाहतो. प्रत्येक वेळी वाकायचं एकाच बाजूनं, हे मला पटत नाही. म्हणून मी मोडकीतोडकी का होईना, सुरुवात फ्रेंचनंच करतो. समोरचा आपणहून इंग्रजीवर आला तर तो त्याचा चांगुलपणा.

मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं वळण शाळेनं लावलं होतं, त्यामुळे फ्रेंचचं 'वू' मला लगेच जमलं. तेही अनेकवचनच. इंग्रजीतलं 'यू'सुद्धा मूळचं अनेकवचनी. एकवचनी 'दाऊ' मागे पडलं आणि आता सगळेच 'यू'. क्वेबेकचे लोक मात्र 'तू'वर फार लवकर येतात. शेजारच्या फ्रेंच आजींनी मला ओळख झाल्यावर लगेच सांगितलं, आता 'तू' म्हण. मी अजून त्यांना 'वू'च म्हणतो, आणि त्या मला 'तू'.